रासायनिक अस्त्रांना जमले, ते अण्वस्त्रांना का नाही?

महोदय,

फोंड्यात मी बरीच वर्षे बारावीला रसायनशास्त्र शिकवले. प्रयोगशाळेत क्लोरीन जरासा पसरला तरी मुले खोकत, डोळे चोळत व्हरांड्यात धावायची. हाच वायू पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळच्या खंदकांतल्या सैनिकांवर सोडला होता. म्हणूनच जाहीर केलेल्या रासायनिक अस्त्रांचा जगातला शेवटचा साठा अमेरिकेने जुलै २०२३ मध्ये नष्ट केला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. भारताने तर हे काम २००९ मध्येच पुरे केले. तपासनिसांना थेट कोठारात शिरू दिले, म्हणून हे जमले. अण्वस्त्रांचे मात्र उलटे चालले आहे. अमेरिका-रशियाच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या ‘न्यू स्टार्ट’ कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ रोजी संपली. गोव्याच्या खासदारांनी हा विषय संसदेत लावून धरावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, फोंडा