गाडी शिकवण्याचे तास पूर्ण भरून घ्या

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की नागपुरात महाविद्यालयांच्या प्रवेशासोबत आणखी एका प्रवेशाची लगबग सुरू होते आणि ती म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलची. मूल अठरा वर्षांचे झालेले असते, सुट्या असतात आणि पुढे कॉलेजला गाडीनेच जायचे असते. मेडिकल-इंजिनीअरिंगच्या ट्यूशनसाठी आपण पालक शहरभर फिरतो, शिक्षक कोण, बॅचमध्ये किती मुले, मागच्या वर्षी निकाल काय लागला, हे खोदून खोदून विचारतो. ड्रायव्हिंग स्कूलला मात्र एक फोन जातो आणि त्यात दोनच प्रश्न असतात : फी किती आणि लायसन्स काढून देता का? यंदा माझ्या मुलीच्या निमित्ताने या विषयात थोडे खोलात जावे लागले. त्यातून जे समजले ते आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून इतर पालकांपर्यंत पोहोचावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गाडी किती शिकवायची हे ड्रायव्हिंग स्कूलच्या मर्जीवर सोडलेले नाही, हे बहुतेकांना ठाऊकच नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये मोटार ड्रायव्हिंग स्कूलसाठी अभ्यासक्रम ठरवून दिलेला आहे. खासगी वापराची हलकी वाहने शिकवताना प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे असावे आणि त्यात प्रत्यक्ष वाहन चालवण्याचे किमान १० तास भरावेत, असे हा नियम सांगतो. म्हणजे रोज जेमतेम अर्धा तास. हा अर्धा तास मुलाच्या हाती स्टिअरिंग असण्याचा आहे. मागच्या सीटवर बसून दुसऱ्याचे शिकणे पाहण्याचा वेळ त्यात धरता येत नाही. अभ्यासक्रमात वाहतुकीचे नियम आहेत, रस्त्यावरील इतरांशी सौजन्याने वागणे आहे आणि प्रथमोपचारसुद्धा आहेत. शिकवायच्या गाडीला प्रशिक्षकाच्या बाजूनेही नियंत्रण असले पाहिजे, प्रत्येक प्रशिक्षणार्थीने किती वेळ गाडी चालवली याची नोंद नमुना १५ मध्ये ठेवली पाहिजे आणि प्रशिक्षण संपल्यावर नमुना ५ मध्ये प्रमाणपत्र दिले पाहिजे. हे सगळे कागदावर आहे आणि चांगले आहे.

प्रत्यक्षात काय होते ते सांगते. आम्ही ज्या स्कूलमध्ये प्रथम गेलो तिथे गाडीत प्रशिक्षकाशिवाय तिघे प्रशिक्षणार्थी असत. पहिला चालवत असताना दोघे मागे बसत आणि चौकात गाडी थांबवून अदलाबदल होई. तिघांच्या वाट्याला मिळून पाऊण तास, म्हणजे एकेकाला पंधरा मिनिटे. या हिशेबाने २१ दिवसांत सव्वापाच तास होतात. नियमाने सांगितलेल्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. त्यातही रविवारी सुटी, एखाद्या दिवशी प्रशिक्षक आरटीओच्या कामाला गेलेले आणि एखाद्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मी स्वतः मागच्या सीटवर बसून पाहिली. मुलगी स्टिअरिंग धरून होती, गिअर बदलत होती, आणि क्लच व ब्रेक मात्र प्रशिक्षकाच्या पायाखाली होते. समोर सायकलवाला आला की गाडीचा वेग आपोआप कमी होई. वळणावर गाडी आपोआप सावरली जाई. एकदाही बंद पडली नाही. प्रशिक्षक तोंडाने "शाबास, हात बसला" म्हणत होते आणि शिकणाऱ्याला खरोखर वाटत होते की आपणच गाडी थांबवतो आहोत. दुहेरी नियंत्रण हे अपघात टाळण्यासाठी दिलेले आहे आणि पहिले चार-पाच दिवस त्याचा आधार लागतोच. परंतु शेवटच्या दिवसापर्यंत प्रशिक्षकाचेच पाय चालत राहिले, तर ते मूल घरची गाडी घेऊन रामझुला उड्डाणपुलाच्या चढावर गर्दीत अडकेल तेव्हा हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवण्याचा त्याला अनुभवच नसेल. आम्ही तिथे स्पष्टपणे बोललो, उत्तर समाधानकारक मिळाले नाही, तेव्हा स्कूल बदलले. दुसऱ्या ठिकाणी फी जास्त होती, पण बॅचमध्ये दोघेच होते, रोज वेळ लिहून सही घेतली जात होती आणि दुसऱ्या आठवड्यापासून प्रशिक्षक पाय मागे घेऊन बसत होते. त्यांनी पाय मागे घेतले त्या पहिल्या दिवशी तिने अकरा-बारा वेळा गाडी बंद पाडली असेल. मला त्याचे समाधान वाटले.

शिकवण्याच्या वेळेबद्दलही बोलले पाहिजे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, त्यामुळे पहाटे साडेपाच-सहाच्या बॅचला मागणी असते आणि ते समजण्यासारखे आहे. त्या वेळी फुटाळ्याचा रस्ता, सिव्हिल लाइन्स, काटोल रोड, सगळे मोकळे असते. पण दहाचे दहा तास अशा रिकाम्या रस्त्यांवर झाले, तर मुलाने सीताबर्डीची संध्याकाळ पाहिलेलीच नसते. उलट्या दिशेने येणारी दुचाकी, मध्येच थांबणारा ऑटो, दुभाजकाच्या फटीतून धावत येणारा माणूस, समोरून अप्पर म्हणजे प्रखर दिवा मारत येणारी गाडी, हे पहाटेच्या बॅचमध्ये भेटत नाही. शेवटचे चार-पाच दिवस तरी संध्याकाळी आणि निदान एकदा अंधार पडल्यावर शिकवा, असा आग्रह पालकांनी धरावा. आम्ही धरला आणि थोडी कुरकुर होऊन का होईना, तो मान्य झाला.

दहा तास तरी पुरेसे आहेत का, हाही प्रश्न आहे. त्याचे उत्तर शासनाने अप्रत्यक्षपणे दिलेलेच आहे. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी जे नियम लागू झाले, त्यांत हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम जास्तीत जास्त चार आठवड्यांत पूर्ण करायचा २९ तासांचा आहे. त्यापैकी ८ तास वर्गातले आणि २१ तास प्रत्यक्ष चालवण्याचे. अशा केंद्रातून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची वाहन चाचणी माफ होते. दोन्ही नियम आज एकाच वेळी अस्तित्वात आहेत आणि त्यांतील प्रत्यक्ष चालवण्याच्या तासांमध्ये दुपटीहून अधिक अंतर आहे. तेव्हा साध्या स्कूलमध्ये घालणाऱ्या पालकांनी दहा तासांना पूर्णविराम समजू नये, ती सुरुवात समजावी.

पुढचा सराव कुठे आणि कसा करायचा, याची सोयही कायद्यातच आहे. शिकाऊ लायसन्स सहा महिने वैध असते. पक्क्या लायसन्सची चाचणी तीस दिवसांनंतर देता येते आणि बहुतेक घरांत एकतिसाव्या दिवशीच आरटीओचे ट्रॅक गाठण्याची घाई असते. ही घाई कशासाठी? मे महिन्यात काढलेले शिकाऊ लायसन्स नोव्हेंबरपर्यंत चालते. म्हणजे त्यात जुलैचे खड्डे आणि धो-धो पाऊस येतो, गणपतीची गर्दी येते आणि बहुतेक वर्षी दिवाळीची खरेदीही येते. गाडीला पुढे-मागे लाल 'एल' लावून, पक्के लायसन्स असलेले आई किंवा वडील शेजारी बसले, तर हे सगळे ऋतू मुलाला आपल्या देखरेखीखाली अनुभवता येतात. लायसन्स चार महिने उशिरा मिळाले म्हणून कोणाचे काही अडत नाही, कॉलेजला जायला आता मेट्रोही आहे.

आतापर्यंत चारचाकीबद्दल लिहिले. पण नागपूरच्या मुलाच्या हातात पहिल्यांदा येते ती दुचाकी, आणि ती शिकवणारे कोणी नाही, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. मी चौकशी केलेल्या एकाही स्कूलमध्ये दुचाकी शिकवली जात नव्हती. "ती तर घरीच शिकतात ना," असे सगळीकडे उत्तर मिळाले. घरी शिकतात म्हणजे काय, तर ले-आउटच्या मोकळ्या प्लॉटवर मामा किंवा मोठा भाऊ मागे बसून दोन संध्याकाळी तोल सांभाळायला शिकवतो. पुढचा आणि मागचा ब्रेक एकत्र कसा दाबायचा, ओल्या रस्त्यावर किंवा गिट्टीवर काय होते, ट्रकच्या डाव्या बाजूने का घुसू नये, कारण तिथे चालकाला आपण आरशात दिसतच नाही, हे कोणी सांगत नाही. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट लावायचा असतो, इतके साधेही सांगितले जात नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरील लोकांचा आहे. ज्या वाहनावर आपली मुले सर्वाधिक फिरतात, तेच वाहन आपण न शिकवता त्यांच्या हाती देतो.

अठरा पूर्ण होण्याआधी गाडी देणाऱ्या पालकांना तर मी हात जोडून विनंती करीन. ट्यूशन लांब आहे, रात्री उशीर होतो, ऑटो परवडत नाही, या अडचणी खऱ्या आहेत, मी त्या रोज ऐकते. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवण्याची मुभा आहे आणि आज घरोघरी दिसणाऱ्या स्कूटर त्याच्या दुप्पट क्षमतेच्या आहेत, त्यामुळे ती पळवाट धरू नये. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीनाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील गाडीने दोन तरुण जिवांचा बळी घेतला, तेव्हा महाराष्ट्रभर चर्चा झाली. सोळा-सतराव्या वर्षी मुलांना गाडी देऊ नये. पण नियम, चिन्हे, थांबण्याचे अंतर, अपघातात जखमीला कशी मदत करावी, मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण असते, हे शिकवायचे तेच वय आहे. धरमपेठेतील ट्रॅफिक पार्कमध्ये आपण लहान मुलांना सिग्नल दाखवायला नेतो. त्यानंतर ती मुले थेट अठराव्या वर्षी आरटीओच्या संगणकासमोर बसतात, मध्ये दहा वर्षे काहीच नाही. कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीत यासाठी काही तासिका ठेवल्या तर ही पोकळी भरून निघेल.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. शहर, पूर्व नागपूर आणि ग्रामीण अशा आपल्या तिन्ही परिवहन कार्यालयांनी प्रत्येक ड्रायव्हिंग स्कूलच्या दर्शनी भागात '२१ दिवस, प्रत्यक्ष १० तास' हा फलक मराठीत लावणे बंधनकारक करावे, चाचणीच्या वेळी नमुना १५ मधील नोंदी अधूनमधून तपासाव्यात आणि त्यावरील सही मुलाचीच आहे का हे त्यालाच विचारावे. दुचाकी शिकवणाऱ्या स्कूलना प्रोत्साहन द्यावे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी हे याच शहराचे खासदार आहेत. दुचाकी प्रशिक्षणाचा पहिला नीट प्रयोग नागपुरात व्हावा, ही अपेक्षा त्यांच्याकडून करणे वावगे ठरू नये. आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी की, दरवर्षी महाविद्यालयीन प्रवेशांची माहिती जशी आपण छापता, तशीच मे महिन्यात परवानाधारक ड्रायव्हिंग स्कूलची यादी, अभ्यासक्रमाचे तास आणि तक्रार कुठे करायची तो पत्ता एका चौकटीत छापावा. फी भरण्यापूर्वी ती चौकट पालकांच्या हातात असली, तर पंधरा मिनिटांची बॅच आम्हांला कोणी सहज विकू शकणार नाही.

आपली नम्र,
एक पालक
प्रतापनगर, नागपूर