पुठ्ठ्याखालच्या वजनासाठी बाईंचे आभार

ती. बाईंना,
सा. न. वि. वि.

यंदा पहिल्यांदाच आठवीला अणूचा धडा शिकवला. फळ्यावर रुदरफोर्डच्या सोन्याच्या पत्र्याच्या प्रयोगाची आकृती काढताना सारख्या तुम्ही आठवत होतात, म्हणून हे पत्र.

आम्हाला उत्तर तोंडपाठ होतं: पत्र्यावर सोडलेले बहुतेक अल्फा कण (धन प्रभाराचे वेगवान कण) आरपार गेले, म्हणून अणू पोकळ. तुम्ही वह्या मिटायला लावल्यात. फरशीवर चार विटांवर मोठा पुठ्ठा ठेवलात, खाली काहीतरी दडवलंत आणि आमच्या हातात गोट्या दिल्यात. ‘वाकून बघायचं नाही. गोटी कुठून बाहेर येते तेवढं लिहा.’ कितीतरी गोट्या सरळ पलीकडे गेल्या. मग एक खणकन वाजली आणि उलटी येऊन माझ्या पायावर आदळली. आत दोनशे ग्रॅमचं लोखंडी वजन होतं!

तेव्हा कुठे रुदरफोर्डच्या मँचेस्टरमधल्या प्रयोगशाळेची गोष्ट आम्हाला भिडली. १९०९ साल, गायगर आणि अवघ्या वीस वर्षांचा, अजून पदवीही न मिळालेला मार्सडेन. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं आणि झिंक सल्फाइडच्या पडद्यावर कण आदळला की उठणारी पुसटशी ठिणगी मोजायची. तुम्ही खिडक्या लावून आम्हाला पाच मिनिटं अंधारात बसवलंत. डोळे सरावायलाच किती वेळ लागला!

प्लॅटिनमचा पत्रा लावला, तेव्हा त्यावरून साधारण आठ हजारांत एक कण मागे फिरत होता. त्याआधी थॉमसनने कल्पिलेल्या अणूत धन प्रभार सगळीकडे पसरलेला, तो एवढा जबर धक्का देणार कुठून? बारीकसारीक धक्के साठून कण उलटा फिरावा, ही शक्यता जवळजवळ शून्य. म्हणून १९११ मध्ये रुदरफोर्डने सगळा धन प्रभार आणि जवळपास सगळं वस्तुमान मधल्या इवल्याशा केंद्रकात मांडलं.

पुस्तक तिथेच थांबतं. तुम्ही थांबला नाहीत, याचे आभार मला सगळ्यात जास्त मानायचे आहेत. गायगर आणि मार्सडेन यांनीच कोन बदलून, पत्र्याची जाडी बदलून, कणांचा वेग बदलून रुदरफोर्डचं गणित पडताळलं, १९१३ पर्यंत लाखाहून जास्त ठिणग्या मोजल्या, हे मला तुमच्यामुळे कळलं. आकृतीमागची ती मेहनत कळली नसती, तर मी विज्ञानाकडे वळलेच नसते.

काल माझ्या वर्गात पुठ्ठा मांडला. खाली काय आहे ते मुलांना अजून सांगितलेलं नाही. उद्या पुन्हा गोट्या सोडायच्या आहेत.

तुमची विद्यार्थिनी