बंड्या, तिला तू फोन कर

नाशिक, १२ जुलै

प्रिय बंड्या,

तुझ्या मेसेजना मी महिनोन्‌महिने नुसते अंगठे पाठवतोय. त्याबद्दल शिव्या दे, पण नंतर. आधी वाच. फोन केला नाही, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि हे वाक्य लांब आहे.

प्रकृती ठीक. साखर गोळीवर आहे, आईचा गुडघा होता तसाच आहे. सिंहस्थासाठी सगळं शहर उकरून ठेवलंय. द्वारका चौकात अडकलो की तुझी आठवण येते, तूही असाच मध्येच आडवा येतोस. झालं.

आता रत्ना. मागे ओझरतं सांगितलं होतं ती. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदवीच्या, क्षेत्रकार्याला आमच्याकडे आली आणि परीक्षा संपली तरी गेलीच नाही. बाप चांदवडकडे कांदा करतो, पाठचा भाऊ अजून शिकतोय. परवा बाल न्याय मंडळाची बैठक आटोपून उंटवाडीहून बाहेर पडलो, तर गेटाशीच मला म्हणाली, "सर, मी यातच राहू का?" मी काय केलं असेल? चहा मागवला. तुला मी माहीत आहे.

तिच्यापुढे दोन कागद आहेत. एक अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीचा, सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या सामाजिक निधीचं, काम. पगार इकडच्या तिप्पट, पीएफ, जायला-यायला बस, कॅन्टीन. महिनाअखेर कळवायचं आहे. दुसरी आपल्याच लाइनीतली, कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या पोरांसाठीची, कंत्राटी जागा. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग खंड, मग पुन्हा ऑर्डर, आणि मानधन कधी येईल ते नशिबावर. परिविक्षा अधिकाऱ्याची, म्हणजे कोर्टाला आरोपीच्या घरचा अहवाल देऊन पुढे त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्याची, कायम जागा हवी तर जाहिरात निघेपर्यंत थांबा, परीक्षा द्या, निकालाची वाट बघा. तोवर खायचं काय, ते जाहिरातीत नसतं.

दुसरी कुणी असती तर मी डोळे मिटून म्हटलं असतं, जा बाई अंबडला. इंटर्न येतात, सही करून घेतात, निरीक्षणगृहातल्या पोरांना रंगपेट्या वाटून फोटो काढायला बघतात (चेहरे दिसता कामा नयेत हे दर वर्षी नव्याने सांगावं लागतं) आणि जातात. ही तशी नाही. तिने लिहिलेला एक अहवाल वाचला आणि मला तू आठवलास. म्हणून हे पत्र.

सतरा वर्षांचा पोरगा, सिडकोतला. एका रात्री दोघा मोठ्यांबरोबर मोटरसायकल उचलली. चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणजे मुलासाठी किरकोळ गुन्हा. एकटा असता तर पोलिसांनी एफआयआरसुद्धा केली नसती, डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा फॉर्म. पण सोबतचे दोघे सज्ञान, म्हणून गुन्हा नोंदला गेला. सामाजिक तपासणी अहवालाला दोन आठवडे असतात. त्या फॉर्म ६ मध्ये आपण सगळे काय लिहितो? "घरची परिस्थिती हलाखीची असून बालक वाईट संगतीमुळे गुन्ह्याकडे वळला आहे." हे वाक्य तू मला शिकवलंस, लक्षात आहे ना? खैरनार काका म्हणायचे, याचा शिक्काच करून घ्या रे, शाई वाचेल.

रत्नाने ते वाक्य लिहिलंच नाही. ती घरी गेली आणि कोण कधी घरी असतं एवढंच विचारत बसली. आई खासगी दवाखान्यात साफसफाईला, रात्रपाळी. बाप सेंटरिंगवाला, काम असेल त्या साइटवरच मुक्काम. थोरली बहीण लग्न होऊन गेली तेव्हापासून रात्री आठ ते सकाळी सहा त्या खोलीत पोरगा एकटा. त्याची प्रत्येक भानगड, शाळेतून नाव कमी होण्यासकट, त्या लग्नानंतरची. हे तिने तारखा लावून मांडलं. मग पाथर्डी फाट्याला राहणारी आत्या शोधून काढली, तिच्या नवऱ्याशी बोलली (आत्याशी नव्हे, नवऱ्याशी, हे मला सुचलं नसतं), आणि अहवालात लिहिलं की बालकाने रात्री आत्याकडे झोपावं, सातपूरच्या आयटीआयचा फॉर्म भरावा, आणि दर शनिवारी येऊन भेटावं. मॅजिस्ट्रेट मॅडमनी तो कागद दोनदा वाचला. सदस्य बाई तर म्हणाल्या, असं कुणी लिहीत का नाही? मी खिडकीबाहेर बघितलं.

कायद्यात या सगळ्याला जागा आहे, तुला सांगायला नको. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या तिसऱ्या कलमातच आहे की शक्यतो मुलाला न्यायालयीन प्रक्रियेतून बाहेर वळवा. अठरावं कलम मंडळाला मोकळीक देतं: समज द्या, समुपदेशन लावा, समाजसेवा करायला लावा, चांगल्या वर्तणुकीवर पालकांकडे सोपवा. पण वळवायचं तर कुठे वळवायचं ते कुणीतरी पायी फिरून शोधावं लागतं. ती आत्या काही कलमात लिहिलेली नाही.

आपण आलो तेव्हा १९८६ चा कायदा होता. सोळा पुरी झालेला मुलगा थेट मोठ्यांच्या कोर्टात. ती हद्द २००० च्या कायद्याने अठरावर नेली, तेव्हा तू बोहरपट्टीतून पेढे आणले होतेस आणि पैसे मी दिले होते, हे मी विसरलेलो नाही. मग २०१५ ला सोळा ते अठराच्या पोरांसाठी घोर गुन्ह्यात पुन्हा मोठ्यांच्या खटल्याचं दार उघडलं. तोवर तू पुण्याला अप्रेझलचे फॉर्म भरून घेत होतास.

आणि तुमच्या पुण्यानेच आमची पंचाईत केली बघ. मे २०२४ ला कल्याणीनगरला अल्पवयीन पोराच्या हातातली ती पोर्शे गाडी, दोन जीव गेले आणि जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध. लोक चिडले ते बरोबरच चिडले. मीही चिडलो. पण त्यानंतर फुलेनगरच्या, सिडकोच्या, मोबाइल उचललेल्या पोरासाठी तोंड उघडलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे तुम्ही निबंधवाले!" रत्नाचा मामेभाऊ तिला घरात निबंधाच्या मॅडम म्हणतो. इकडे कोयते नाचवणारी पोरं, 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' म्हणायला लावणारी पोलिसांची रील, रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे खूश. मी त्या लोकांना नावं ठेवत नाही. ज्याच्या गल्लीत गाड्या फुटतात त्याला माझं अठरावं कलम ऐकवू कसं? पण या हवेत तेवीस वर्षांच्या पोरीने आयुष्याची नोकरी म्हणून हे धरायचं, म्हणजे रोज घरीदारी खुलासे देत बसायचं.

थांब, मूळ भानगड पुढेच आहे. त्या दोघा मोठ्यांपैकी एक वीस वर्षांचा. पहिलाच गुन्हा. तो नाशिकरोडला आत आहे, जामीन झालाय पण जामीनदार नाही. रत्ना मला म्हणाली, "सर, रात्र तीच, गाडी तीच. एकाला आत्या मिळाली. दुसऱ्याला कोण?" मी तिला शिकवल्यासारखं सांगत गेलो. १९५८ चा परिविक्षा कायदा आहे, एकवीसच्या आतल्याला दोषी ठरवलं तरी तुरुंगात धाडण्याआधी कोर्टाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो. ती म्हणाली, "वकील मागतात का?" माझ्या पाहण्यात तरी क्वचितच. नव्या भारतीय न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून, समाजसेवेची शिक्षा आली. पहिल्याच वेळची चोरी, पाच हजारांच्या आतला माल आणि तो परत केला तर. गाडी पाच हजारांच्या आत कुठून बसणार? मग राहिलं नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ कलम. पहिलाच गुन्हा असलेला कच्चा कैदी, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की बाँडवर सुटायला पात्र. तीन वर्षांचा तिसरा हिस्सा म्हणजे एक वर्ष. "जामीनदार नाही म्हणून एक वर्ष," एवढंच म्हणून ती गप्प झाली, आणि दुसऱ्या दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन बसली. कैद्यांसाठीच्या विधी सेवा बचाव वकिलाला गाठून जामिनाची अट शिथिल करायचा अर्ज टाकायला लावला. पोराचा चुलता भगूरला आहे, त्यालाही हुडकलं. अर्जावर अजून काही झालेलं नाही.

म्हणजे तिला आता नुसत्या मुलांत नाही, मोठ्यांतही काम करायचंय. जेलमध्ये, कोर्टाच्या व्हरांड्यात. मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटचा 'प्रयास' प्रकल्प हे १९९० पासून करतोय, कैद्यांच्या बाजूने उभा राहणारा समाजकार्यकर्ता काय करतो ते तिथे शिकता येतं, हे मी तिला सांगितलं. तिथे अर्ज कर म्हटलंही. पण मुंबईत खोलीचं भाडं कोण देणार, हे तिने विचारायच्या आत मी विषय बदलला.

अजून एक गोष्ट, ती तुलाच सांगतो. या कामाचं दाखवायला काही राहत नाही. पोरगा सुटला, नीट लागला की कायद्यानेच त्याच्यावरचा डाग पुसायचा, मुदत सरली की नोंदीही नष्ट. नाव सांगायचं नाही, फोटो नाही. आणि असंच असायला हवं. पण बायोडेटात लिहायचं काय? माझी बिघडलेली पोरं पेपरात येतात, सुधारलेली मला सातपूरच्या स्टॉपवर बघून दुसरीकडे तोंड फिरवतात. फिरवूच देत. अंबडच्या मुलाखतीत रत्नाला विचारलं, तुमची अचीव्हमेंट सांगा. ही म्हणाली, "एक मुलगा आता रात्री आत्याकडे झोपतो." तरी घेतलं तिला! कंपनीत अजून माणसं आहेत म्हणायची. तुझ्या वेळी होती का?

बरं, आता त्या भांडणाकडे येतो. तू राजीनामा दिलास तेव्हा मिसळ खाता खाता मला म्हणाला होतास, "तुझं समाजकार्य वहिनीच्या पगारावर चाललंय." मी दोन वर्षं तुझ्याशी बोललो नव्हतो. वाक्य खोटं होतं म्हणून नाही. तिसरा पाव मागवता मागवता बोललास म्हणून. जिल्हा परिषदेच्या शाळेत ही लागली नसती तर मी कधीच तुझ्या मागून पुण्याची बस धरली असती, हे तुला ठाऊक, मला ठाऊक, आणि हिला तर पहिल्यापासून ठाऊक. रत्नाला कोण आहे? उलट तिच्याच पगारावर भावाची फी जायची आहे. तिला मी "राहा" म्हणालो तर ते माझ्या बायकोच्या जिवावर म्हटलेलं असेल. आणि "जा" म्हणालो तर तो फॉर्म ६ मला झोपू देणार नाही. तसा अहवाल लिहिणारं माणूस या जिल्ह्यात पुन्हा कधी येईल, आणि तोवर किती पोरांच्या फायलीत ते शिक्क्याचं वाक्य पडेल?

हिला विचारलं तर म्हणाली, "तिला सगळं खरं सांगा आणि तिचं तिला ठरवू द्या." मास्तरीण आहे, बोलायला काय जातं. पण सगळं खरं मला माहीतच नाही, बंड्या. राहिलेल्याचं खरं माहीत आहे. सोडलेल्याचं तुझ्याकडे आहे. सोडल्यावर काय होतं? संध्याकाळी मोकळं वाटतं की नाही? ईएमआय फिटल्यावर ती पोरं आठवतात की आठवायची बंद होतात? तू कधी सांगितलं नाहीस आणि मी हट्टाने विचारलं नाही. मला सांगू नकोस हवं तर. तिला सांग. ती कंपनीत गेली तर शनिवारी पोरांना भेटायला येणं जमतं का, की ती नुसती म्हणायची गोष्ट असते, हेही सांग. तू म्हणाला होतास, शनिवारी येत जाईन. मी टोमणा मारत नाहीये. मारतोय थोडा.

फोन रविवारी सकाळी अकराच्या आत कर, नंतर ती गावाला जाते आणि तिकडे रेंज नसते. नंबर वेगळा पाठवतो. माझ्याबद्दल काही विचारलं तर खरं सांग, फक्त मनमाडच्या प्लॅटफॉर्मचं नको. आणि आधी पाच मिनिटं तिला बोलू दे. तुझा भरवसा नाही म्हणून लिहितोय.

तुझं ते नवीन घराचं कळलं, अभिनंदन. पार्किंगवरून सोसायटीशी भांडू नकोस, वय झालं. चिन्मयला मेकॅनिकल मिळालं हे हिने स्टेटसवर पाहिलं, तू कळवलं नाहीस, ते वहीत नोंदवून ठेवलंय. वहिनींच्या पाठीचं काय झालं? कुलकर्णी बाई भेटल्या होत्या गंगापूर रोडला, तुझी चौकशी करत होत्या, मी म्हटलं जाड झालाय.

तिच्याशी बोलणं झालं की मला एवढंच कळव की झालं. काय झालं ते नको. महिनाअखेर जे ठरवेल ते ती मला स्वतः सांगेल.

तुझा,
अरव्या

ता. क. पेढ्यांचे पैसे अजून बाकी आहेत.