जपानला जाताय? मग बसमधून उतरा आणि जरा चाला की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जपानच्या आठ दिवसांच्या टूरवरचा लेख वाचला. फोटो एकदम झकास, पण यादी नेहमीचीच. फुजी, क्योतोचं सोन्याचं देऊळ, नाराची हरणं, फुशिमीच्या लाल कमानी. बघू नका असं कोण म्हणतंय, बघाच. पण हल्ली आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडची बरीच माणसं तिकडं जायला लागलीत, कुणाचा मुलगा आयटीत, कुणाची सून तिकडं नोकरीला, आणि परत आल्यावर काय बघितलंत विचारलं की सगळ्यांचं एकच, "छान आहे हो, किती ते स्वच्छ!" एवढे पैसे घालून स्वच्छताच बघायची होती होय?

आमचा मुलगा तिकडं असतो म्हणून आम्हा दोघांना टूरशिवाय राहायला मिळालं. तो सकाळी ऑफिसला गेला की आम्ही पाणी, टोपी घेऊन बाहेर, आणि जे काय मनात राहिलंय ते सगळं पायी बघितलेलंच.

आता टोकियोतलं असाकुसा घ्या. तिथलं सेन्सोजी देऊळ सगळे टूरवाले दाखवतात, मोठ्ठा लाल कंदील, त्याच्याखाली फोटो, मग रांगेतल्या दुकानांतून पंखे-चॉपस्टिक घ्यायचे आणि चला बसमध्ये. माझी जाऊ असंच करून आली. पण तिथून नदीच्या बाजूनं थोडं पुढं चाललं की एका टेकाडावर मात्सुचियामा शोदेन म्हणून छोटं देऊळ आहे, आणि आतला देव कोण, तर आपला गणपती! तिकडं त्याला कांगितेन म्हणतात, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडं पोचलेला. मूर्ती दाखवत नाहीत, कायम बंद, त्यामुळं दर्शन असं नाहीच. पण नैवेद्य बघा, मोदक नाही, दुर्वा नाहीत, चक्क पांढरा मुळा! देवळातच मुळे विकायला ठेवलेले असतात, आपल्या बाजारात येतो त्याच्यापेक्षा जाडजूड, तो घ्यायचा आणि देवापुढं ठेवायचा. आवारात जिथं तिथं दोन मुळे एकमेकांत गुंफलेले कोरलेत, नाहीतर पैशाची थैली. मुळा घरातल्या सुखासाठी, थैली धंद्यासाठी. ७ जानेवारीला तर मुळ्याचा उत्सवच असतो, शिजवलेला मुळा सगळ्यांना वाटतात. विसर्जनाला पहाटेपर्यंत रस्त्यावर उभी राहणारी बेळगावची माणसं असाकुसापर्यंत जाऊन गणपतीला न भेटता परत येतात, ह्याला काय म्हणायचं!

दुसरं टोकियोतलंच यानाका. निप्पोरी स्टेशनातून बाहेर पडलं की लगेच मोठी दफनभूमी लागते. दफनभूमीत काय बघायचं म्हणून ह्यांनी आधी नाक मुरडलं. पण थडग्यांच्या मागं उंच लाकडी फळ्या उभ्या केलेल्या असतात आणि त्यांच्यावर जी अक्षरं असतात ती सिद्धम् लिपीतली, संस्कृत मंत्रांची. आपल्या देवनागरीची लांबची नातेवाईकच, नीट बघितलं तर एखादं ओळखू येतंय असं वाटतं. जपानचा शेवटचा शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, तोकुगावा योशिनोबू ह्याच भागात पुरलाय. १९२३ चा भूकंप आणि १९४५ चे बॉम्बहल्ले दोन्हींतून हा भाग बराचसा वाचला, म्हणून बोळ अजून अरुंद आहेत, देवळं दाटीवाटीनं. कान्नोनजी देवळाची एक जुनी भिंत आहे, चिखलाचा थर, त्यावर कौलांचा थर, परत चिखल, आणि डोक्यावर भिंतीचं स्वतःचं छोटं छप्पर. तिच्यापुढं मी किती वेळ उभी होते ते ह्यांनाच विचारा.

क्योतोत गर्दी इतकी की गिओन ह्या गेशांच्या जुन्या वस्तीतल्या खासगी बोळांत पर्यटकांना आता बंदी आहे, शिरलात तर १० हजार येन दंड. बरोबरच आहे, लोक दारापुढं उभं राहून गेशांचे फोटो काढायला लागले तर दुसरं काय करणार. पण क्योतोतच फिलॉसॉफर्स पाथ म्हणून कालव्याकाठची वाट आहे, त्यावरून थोडं आत होनेनइन देऊळ आहे, गवताच्या छपराचा दरवाजा, आवारात जायला पैसे नाहीत. आत शिरलं की दोन्ही बाजूंना पांढऱ्या वाळूचे लांबट चौथरे, त्यांच्यावर ऋतूप्रमाणं नक्षी काढतात, आणि मधून चालत गेलं की माणूस शुद्ध होतो म्हणे. दुसऱ्या एखाद्या बागेसाठी वेगळं तिकीट काढायची गरजच वाटली नाही. क्योतोतल्याच आराशियामाचं बांबूचं बन झाल्यावरही सगळे मागं फिरतात, तुम्ही फिरू नका, तसंच चढावर सागा-तोरीइमोतोच्या जुन्या घरांमधून ओतागी नेनबुत्सुजी देवळापर्यंत जा, पाऊण-एक तास लागेल. तिथं बुद्धाच्या शिष्यांच्या १२०० दगडी मूर्ती आहेत आणि त्या १९८१ ते १९९१ मध्ये साध्या हौशी लोकांनी घडवल्यात, तिथले पुजारी निशिमुरा कोचो स्वतः मूर्तिकार, त्यांनी शिकवलं. एक हसतोय, दोघं साकेचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, प्याले घेऊन बसलेत, सगळ्यांवर शेवाळ. हजार वर्षांपूर्वीच्या वाटतात.

आता जे खरं सांगायचं होतं ते. नागोयाहून नाकात्सुगावापर्यंत ट्रेन, मग बसनं मागोमे, आणि तिथून जुन्या नाकासेंदो रस्त्यानं त्सुमागो गावापर्यंत साधारण ८ किलोमीटर चालायचं. एदोहून, म्हणजे जुन्या टोकियोहून, क्योतोला जायचा हा डोंगरातला रस्ता, ६९ मुक्काम होते त्यावर. वाटेत अस्वलांसाठी घंटा टांगल्यात, आपण येताजाता वाजवायच्या, अर्ध्यात जुन्या चहाघरात गावचे लोक फुकट चहा पाजतात. मागोमेकडून निघा, त्या बाजूनं चढ कमी. त्सुमागोत १९७१ साली गावकऱ्यांनीच ठरवलं, घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९७५ मध्ये सरकारनं कायद्यात बदल करून जुन्या वस्त्यांना संरक्षण दिलं आणि १९७६ च्या पहिल्याच यादीत त्सुमागो आलं. म्हणजे आधी गाव, मग सरकार. मुख्य रस्त्यावर विजेच्या तारा दिसत नाहीत, दिवसा गाड्या नाहीत, आणि घरांत माणसं राहतात.

ते बघताना आमच्या शहापूरचे, खडे बाजारचे जुने वाडे डोळ्यांपुढं आले. रस्ता रुंदीकरणात अर्धं घर कापलं की उरलेल्या अर्ध्याला शटर लावून गाळा, असं आपल्याकडं चाललंय. कुणाला बोल लावत नाही, पोट सगळ्यांनाच आहे, पण त्सुमागोतही लोकांना पोट होतंच ना.

म्हणून संपादकसाहेब, पुरवणीत एखादा कोपरा पायी फिरायच्या वाटांना द्या. परदेशातल्या द्या, पण आपल्याही द्या, बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची, तिच्या छतातलं दगडी कमळ मान वर करून किती बेळगावकरांनी बघितलंय? तिथून कपिलेश्वराच्या देवळापर्यंत वाट आखली तर अर्ध्या दिवसाची सोय होते.

जाणाऱ्यांसाठी थोडं. देवळं साडेचार-पाचला बंद होतात, सकाळी लवकर निघा. शाकाहारी असाल तर सांभाळा, साध्या दिसणाऱ्या सूपातही माशाचा रस असतो, आम्ही कोन्बिनीतल्या, म्हणजे तिकडच्या गल्लोगल्लीच्या छोट्या दुकानांतल्या, आंबट उमे फळाच्या भाताच्या गोळ्यांवर आणि घरच्या चटणीवर भागवलं. रस्त्यावर कचऱ्याच्या पेट्या जवळजवळ नाहीतच, पिशवी जवळ ठेवा. आणि बूट असे घ्या की पटकन काढता येतील, प्रत्येक देवळात लेस सोडत बसलात तर ह्यांच्यासारखी चिडचिड होईल.

आपली,
एक वाचक, शहापूर, बेळगाव