समृद्धीचे पैसे आणि ब्रेनचिपचा शेअर

सेलू तालुका, जि. वर्धा
कार्तिक, २०२५

प्रिय गड्या,

परवा फोनवर तू इतक्या भरात बोलत होतास की मी नुसता हूं-हूं करत राहिलो. पण तुझा प्रश्न वाऱ्यावर सोडण्यासारखा नाही. समृद्धी महामार्गात गेलेल्या वावराच्या पैशांची मुदत ठेव पुढल्या महिन्यात मोकळी होतेय, आणि त्यातले निम्मे तू ऑस्ट्रेलियाच्या शेअरबाजारातल्या ब्रेनचिप या मेंदूच्या धर्तीवर चिप करणाऱ्या कंपनीत घालायचं म्हणतोस. यावर नुसतं हो किंवा नाही सांगून भागायचं नाही, म्हणून सगळं लिहूनच काढतो. निवांत वाच, आणि पटलं नाही तर भांड.

आधी एक सांगतो, ती कंपनी मला लबाड वाटत नाही. तू पाठवलेलं सगळं वाचलं, त्यांचे वार्षिक अहवालही उघडून पाहिले. चिपमागची कल्पना खरी आहे आणि फार देखणी आहे. आपण पॉलिटेक्निकला मायक्रोप्रोसेसर शिकलो तेव्हापासून मांडणी एकच: हिशेब एका जागी, मेमरी दुसऱ्या जागी, आणि मधल्या तारांवरून आकड्यांची अखंड ने-आण. वीज खरी जाते ती या ने-आणीत. मेंदूत साठवण आणि हिशेब पेशींच्या जोडांवरच होतात, आणि पेशी गरज पडली तरच स्पंद सोडते. म्हणून अख्खा मेंदू २० वॅटच्या आसपास चालतो. कॅल्टेकच्या कार्व्हर मीड यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी ही दिशा दाखवली, न्यूरोमॉर्फिक, म्हणजे मेंदूच्या घडणीचं, हे नावही तेव्हाचंच. आयबीएमनं २०१४ साली ट्रूनॉर्थ ही चिप काढली, मेंदूच्या पेशींसारखे १० लाख कृत्रिम न्यूरॉन आणि खर्च ७० मिलिवॅट. इंटेलची ‘लोइही’ नावाची चिप २०१७ला आली, आणि २०२४ला त्यांनी तिच्या पुढच्या पिढीच्या चिपा जोडून ११५ कोटी न्यूरॉनचं हाला पॉइंट हे यंत्र उभं केलं. पण इतक्या दांडग्या कंपन्या, हाताशी वाटेल तेवढा पैसा, आणि तरी हा माल त्यांनी प्रयोगशाळांच्याच हाती ठेवलाय. पैसा घालणाऱ्यानं तंत्र किती सुंदर हे पाहण्याआधी इंटेलनं हे दुकानात का नाही मांडलं, हे विचारावं असं मला वाटतं.

तुला जागल आठवते? मचाणावरचा माणूस रात्रभर एकेक झाड न्याहाळत बसत नाही. शांत असेल तोवर तोही शांत. धुऱ्याकडे पाला खसफसला की मान वळते. ब्रेनचिपची अकिडा चिप तेच करते. चित्रात किंवा आवाजात जिथं काही घडलं तेवढाच हिशेब, बाकीच्या शून्यांना ती हातच लावत नाही.

आता माझ्या वावराचं सांगतो, कारण या धंद्याचा अंदाज मला तिथंच आला. बोर अभयारण्याच्या जंगलाकडच्या धुऱ्यावरून रानडुकरं येतात, रोही म्हणजे नीलगाई येतात. कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं झटका मशीन आहेच, पण गवत वाढून तारेला टेकलं की झटका जमिनीत मुरतो, आणि ओल्या रात्री तर तार नुसती दिसायला उरते. म्हणून रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि कॅमेरा एका डब्यात बसवून बाभळीला टांगला. डुक्कर ओळखलं की भोंगा वाजवायचा. ओळखतं बरं का! अंधारात, पऱ्हाटीच्या आडून नुसती पाठ दिसली तरी ओळखतं. पण त्याची भूक बघ. रास्पबेरी पाय आणि कॅमेरा मिळून ५ वॅट धर. १२ व्होल्ट ७ ॲम्पिअर-तासाची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. लेड-ॲसिड निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे हाताशी ४२. आठ तासांत खलास. हिवाळ्यातली रात्र तेरा तासांची, त्यामुळे पहाटे, नेमकं डुकरं यायच्या वेळी, डबा मुका.

तू म्हणशील, हीच तर ब्रेनचिपची जागा, मिलिवॅटवाली चिप घाल की बॅटरी महिनोन्‌महिने पुरते. पण मीटर लावून एकेक भाग वेगळा मोजला तर चित्र बदलतं. रात्री दिसायला इन्फ्रारेड दिवे लागतात, आणि ते पेटले की भरपूर खातात. कॅमेऱ्याचा सेन्सर खातो. फोनवर निरोप धाडणारं मॉडेम निरोपाच्या वेळी खातं. चिपचा खर्च शून्यावर आणला तरी हे बाकीचे बसलेलेच आहेत. आणि सगळ्यांनाच झोपवून ठेवायचं तर साधा, स्वस्तातला पीआयआर सेन्सर पुरतो. समोर अंगाची ऊब हलली की तो बाकीच्यांना उठवतो. जंगलातले ट्रॅप कॅमेरे असेच चालतात. मीही तेच बसवलं, आणि आता त्याच बॅटरीवर रात्र निघते.

यावरून मला जे दिसतं ते असं: जिथं या चिपेवाचून अडतं तिथं नग थोडे लागतात, आणि जिथं नग कोटींनी लागतात तिथं हिच्यावाचून अजून कुणाचं अडत नाही. उपग्रहावर विजेचा थेंबन्‌थेंब मोजावा लागतो, रडारला क्षणभरही झोपता येत नाही. तिथं अकिडाला मान आहे. २०२४च्या डिसेंबरात अंतराळासाठी प्रोसेसर बनवणाऱ्या फ्रंटग्रेड गाइस्लरनं परवाना घेतला, अमेरिकन हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेचं १८ लाख डॉलरचं रडारचं कामही मिळालं. ही कामं खरी आहेत, इज्जतीची आहेत. पण जगात उपग्रह किती नग बनतात? उलट घड्याळं, डोअरबेल, खेळणी, वॉशिंग मशीन कोटींनी बनतात, आणि तिथं आर्म कंपनीचं इथॉस हे एआयचा हिशेब करणारं एंजिन आहे, एसटी या चिप कंपनीनं तर २०२४च्या शेवटी आपल्या नेहमीच्या एसटीएम३२ चिपांच्या घराण्यातच तसंच न्यूरल एंजिन असलेली एन६ चिप आणली. तू स्वतः एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्रांच्या पोटात बसणाऱ्या चिपांच्या कामात आहेस. तुमच्या टीमसमोर नवीन चिप आली की पहिली चौकशी कशाची होते? तिची टूल्स कशी आहेत, एआयचं मॉडेल तिच्यावर उतरवायला किती दिवस लागतील, आणि दुसरा पुरवठादार आहे का. न्यूरोमॉर्फिक आहे का, हे कुणी विचारत नाही.

आता आकडे बोलूया, कारण फोनवर आकडे आले की तू विषय मर्सिडीजकडे नेतोस. मर्सिडीजनं २०२२च्या जानेवारीत व्हिजन इक्यूएक्सएक्स गाडी दाखवली आणि ‘हे मर्सिडीज’ ही हाक ऐकायला अकिडा वापरली असं सांगितलं. त्याच महिन्यात शेअर २.३४ ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेला. पण ती दाखवायची गाडी होती, शोरूममध्ये विकायची नव्हे. यंदा बराच काळ तो शेअर २० सेंटच्या अल्याडपल्याड फिरतोय. शिखरावर ज्यानं १०० रुपये घातले त्याचे आठ-नऊ उरले. तू याला ‘स्वस्तात मिळतोय’ म्हणतोस. भाव पडला एवढ्यानं वस्तू स्वस्त होत नाही लेका, कमाई किती ते बघावं लागतं.

कमाई अशी आहे. २०२२ला उत्पन्न ५० लाख अमेरिकन डॉलरच्या थोडं वर, त्यातला मोठा भाग मेगाचिप्स या जपानी चिप कंपनीच्या परवान्याचा. २०२३ला सव्वादोन लाखांच्या थोडं वर. २०२४ला चार लाखांच्या आसपास. आणि २०२४चा तोटा सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर. यात कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरचा कागदी खर्चही आहे हे मान्य, तरी दरी केवढी आहे बघ. हे आयपी, म्हणजे चिपचा आराखडा, विकणारे लोक: आधी परवाना फी, मग गिऱ्हाइकाची चिप बाजारात गेली की नगामागे रॉयल्टी. जपानच्याच रेनेसासनं २०२०च्या डिसेंबरात परवाना घेतला, मेगाचिप्सनं २०२१ला. परवान्यापासून विक्रीपर्यंत वर्षं जातात, मोटारीच्या धंद्यात आणखी जास्त, म्हणून मी दोन वर्षांत निकाल मागत नाही. पण २०२४चं सगळं उत्पन्न मिळूनच चार लाख असेल, तर त्यात रॉयल्टीचा ओघ सुरू झालाय असं कसं म्हणायचं? समज नगामागे १० सेंट मिळाले, तर नुसता हा तोटा भरून काढायला वर्षाला २४ कोटी चिपा विकल्या गेल्या पाहिजेत. ५० सेंट धरले तरी पावणेपाच कोटी. १० आणि ५० हे माझे अंदाज. तुझ्याकडे धंद्यातला खरा दर असेल तर घालून बघ, गणित सोपं आहे.

मग कंपनी चालते कशावर? नवे शेअर विकून. हा मुद्दा तू नीट ध्यानात घे, तुझ्या पैशाला सगळ्यात जास्त धोका मला इथं दिसतो. २०२०पासून एलडीए कॅपिटल या गुंतवणूक कंपनीबरोबर त्यांचा करार आहे. पैसे लागले की कंपनी त्यांना शेअर घ्यायला सांगते, बाजारभावाहून थोड्या कमी दरानं. शिवाय २०२४च्या जुलैत १९ सेंटच्या आसपास भावानं मोठ्या गुंतवणूकदारांना नवे शेअर दिले. असं करत करत एकूण शेअर २०० कोटींच्या घरात गेलेत. म्हणजे उद्या चिप चालली, करार झाले, तरी नफ्याचे वाटेकरी तोवर वाढलेले असणार. तुझा अंदाज बरोबर निघूनही तुला पैसे मिळणार नाहीत, असं सहज होऊ शकतं. भाव ४० सेंटवर जायला कंपनीची किंमत नुसती दुप्पट होऊन पुरणार नाही, मधे वाढलेल्या शेअरांचंही भरून यावं लागेल.

पैसे पाठवण्याचंही बघ. आपल्या मोबाइलवरची ॲपं बहुतेक न्यूयॉर्क-नॅसडॅकपुरती. सिडनीसाठी वेगळा ब्रोकर लागतो. उदारीकृत प्रेषण योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, वरून वसूल करते. विवरणपत्र भरल्यावर तो जमेला येतो, तोवर पैसा अडकलेला. रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता दरवर्षी भरायचा, तो राहिला तर दंड जबर. आणि ऑस्ट्रेलियन डॉलर-रुपयाचा चढउतार वेगळाच.

पण माझं खरं अडतं ते पैसा कुठला यावर. तुझ्या पगारातून शिल्लक काढून घातलास तर मी एक अक्षर बोलणार नाही. हा पैसा काकूंच्या नावच्या वावराचा आहे. ते वावर परत येणार नाही, त्याच्यावरून आता नागपूर-मुंबईच्या गाड्या धावतात. काकूंना दर तिमाहीला व्याज जमा होतं, त्यावर त्यांची औषधं, किराणा, धाकट्याच्या पोरीची फी. उरलेल्या वावराच्या भरवशावर राहावं असं हे वर्षही नाही. सरकारनं ऑगस्टात कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवलं. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव यंदा क्विंटलला ८११० रुपये आहे, पण व्यापारी तेवढा देत नाही. सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, घालायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी करा, आणि ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की परत आणा. परतीच्या पावसानं बोंडं भिजली, आमच्याकडचा पहिला वेचा पिवळट निघाला. सीतादही केली, दही-भात शिंपडला, बायांना नेहमीसारखं जेवू घातलं, पण वेचणाऱ्यांच्या ओट्यातला कापूस हातात घेतला की जड लागत होता. अशा वर्षी ज्या घरात ठेवीचं व्याज येतं ते घर तगतं. म्हणून त्या ठेवीतला एक रुपयाही या शेअरात जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

कंपनीवर तुझा जीव आहे, तर तो तसाच राहू दे. स्वतःच्या पगारातून जेवढे गेले तरी घरात कुणाला कळणार नाही तेवढे घाल, आणि लक्ष दोनच गोष्टींवर ठेव. एक, वार्षिक अहवालात रॉयल्टीचा आकडा वाढत येतो का. नवे करार, पुरस्कार, परिषदेतली भाषणं हे सगळं बाजूला ठेव. दोन, दर तिमाहीचा रोकड अहवाल, परिशिष्ट ४सी: गिऱ्हाइकांकडून आले किती आणि शेअर विकून आले किती. ज्या तिमाहीत पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळ येईल त्या दिवशी मला फोन कर, मीही माझ्या तुरीच्या पैशातले थोडे घालीन. डिसेंबरच्या तिमाहीचा अहवाल जानेवारीअखेर येईल.

आणखी एक काम सांगतो. त्यांनी यंदा अकिडाचं एम.२ कार्ड, संगणकात खोचायचं, २४९ अमेरिकन डॉलरला विकायला काढलंय. तुमच्या ऑफिसात कुणी मागवलं असेल तर चार दिवसांसाठी घेऊन ये. माझ्याकडे रात्रीचे डुकरांचे आणि रोह्यांचे भरपूर फोटो जमलेत. तेच मॉडेल रास्पबेरी पायवर आणि अकिडावर चालवू, दोन्हीकडे मीटर लावू. तिनं खरंच बाजी मारली तर मला आनंदच आहे, कारण तसा स्वस्त डबा निघाला तर बोरच्या काठच्या गावांतली जागल कायमची थांबेल. ताडोबाच्या बफरमध्ये सीतारामपेठला कॅमेऱ्यांचा पहारा बसवला होता, वाघ गावाकडे वळला की लोकांना कळावं म्हणून. तसलं काही आपल्याकडे शेतकऱ्याच्या खिशाला परवडेल असं व्हावं, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

काकूंशी मी यातलं काही बोललो नाही, ते तुझं काम. त्या परवा विचारत होत्या की बँकेचा कागद आलाय, सही कुठं करायची. मी म्हटलं, त्याच्याशी बोलून मग करा. तर ठेव मोकळी व्हायच्या आत त्यांना फोन कर.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
धुऱ्यापलीकडचा शेजारी