खुसखुशीत प्रेमकथांच्या संपादकबाईंना जाहीर आभारपत्र

प्रिय संपादकबाई,
सप्रेम नमस्कार.

विनोदी प्रेमकथेत रहस्य मिसळून लघुकादंबऱ्या लिहिणाऱ्यांपैकी ज्यानं ज्यानं मागितल्या, त्याला तुम्ही हस्तलिखितांच्या समासात लिहिलेल्या तुमच्या टिपा देऊन टाकल्यात. लेखकाचं नाव झाकून, पण टीप जशीच्या तशी. आता त्या हातोहात फिरतात. एकेकट्यानं आभार मानत बसण्यापेक्षा एकदा जाहीरच मानावेत, म्हणून हे पत्र. मोघम कौतुक तुम्हाला चालत नाही ('छान' दिसलं की तुम्ही शेजारी 'म्हणजे काय?' लिहिता), तेव्हा कशाकशाचे आभार ते नीट सांगतो.

सगळ्यात आधी त्या कुलूपवालीचे. प्रत्येक टिपेत तुम्ही उदाहरणाला तिलाच घेता, त्यामुळे ती आता आमच्या ओळखीचीच झाली आहे. रात्री साडेअकराला फोन येतो, किल्ली हरवलीय. ती जाते. समोरच्याचं ओळखपत्र मागते, त्यावर पत्ता त्याच घराचा असतो. कुलूप उघडते, रात्रीचे म्हणून दुप्पट पैसे घेते, पावती फाडते. सकाळी कळतं की ते ओळखपत्र जुनं होतं, घर आता त्याचं नाही, आणि आतली तिजोरी रिकामी आहे. तुमचं म्हणणं एवढंच की 'हा माणूस खरा की खोटा?' या एकाच प्रश्नावर प्रेमही टांगलेलं हवं आणि रहस्यही. प्रेम एकीकडे आणि चोरी दुसरीकडे चालू राहिली, तर लघुकादंबरीत दोन्हींना जागा पुरत नाही. लेखक मग एक प्रकरण गोडीगुलाबीचं, एक पाठलागाचं अशी पाळी लावतो आणि वाचक आपल्याला नको ते प्रकरण चाळून पुढे जातो. शिवाय दार तिनं स्वतः उघडलं, म्हणजे संशय तिच्यावरही आहे. तपास करायला तिला कारण मिळालं. 'कुतूहल म्हणून ती चौकशी करू लागली' या वाक्यावरची तुमची लाल रेघ आम्ही सगळ्यांनी पाहिली आहे.

मापाचं थोडक्यात. नेब्युला या अमेरिकेतल्या विज्ञानकथा-पुरस्काराच्या नियमांत १७,५०० ते ४०,००० शब्दांपर्यंतच्या कथेला लघुकादंबरी धरतात. तुमचा हिशेब तीस हजारांचा. प्रकरणं वीस ते बावीस, प्रत्येकी तेराशे-चौदाशे शब्दांची. दोघं पहिल्या हजार शब्दांत समोरासमोर, तिजोरी तीन हजारांच्या आत रिकामी, पंधरा हजारांच्या आसपास असं काही कळावं की आधीचं सगळं वेगळं दिसू लागेल, आणि मोठी ताटातूट साधारण तेवीस हजारांवर. नाव असलेली माणसं सहा, फार तर सात. त्यांत संशयित तीन. दोन ठेवले तर वाचक नाणं उडवूनही बरोबर ठरतो आणि पाच ठेवले तर कोण कुणाचा मेहुणा हे सांगण्यातच पानं जातात. कथेचा काळ आठ-दहा दिवसांचा. या आकड्यांना कुणी नियम म्हटलं की तुम्ही चिडता, पण एखादं हस्तलिखित मधेच का रेंगाळतं ते शोधायला यांच्याइतकं सोपं साधन नाही. चोरी सहा हजारांवर गेली असेल, तर पहिली चार प्रकरणं नुसती ओळखपाळख असते.

आता ज्या टिपेसाठी खरं तर हे पत्र लिहिलं ती: विनोद ही धागेदोरे लपवायची जागा आहे. आपल्याकडे विनोदाला विरंगुळा समजायची सवय. भीती झाली, आता जरा हसवू. तुम्ही ते उलटं केलंत. वाचक हसतो त्या क्षणी त्याचं लक्ष विनोदाच्या शेवटच्या शब्दावर असतं आणि त्याच्या आधीचे दोन शब्द नजरेखालून निघून जातात. खुणेची वस्तू तिथे ठेवायची. कुलूपवालीच्या गोष्टीत शेजारचे काका आहेत, 'त्या घरात वर्षानुवर्षं पाऊल टाकलं नाही' म्हणणारे. नवं कुलूप बसून महिना झालाय. नायिका पहिल्याच रात्री कुरकुरते की हे कुणी बसवलं, किल्ली उलटी फिरतेय. आणि मग चौथ्या प्रकरणात काका सहज म्हणतात:

'आजकाल सगळंच उलटं फिरतं बघा. घड्याळाचे काटे, या दाराची किल्ली, आणि आमची ही. उजवीकडे वळ म्हटलं की थेट माहेरी.'

'मग डावीकडे म्हणून बघा,' ती म्हणते.

यादीत तीन गोष्टी, खूण मधली (नव्या कुलपाची किल्ली उलटी फिरते हे काकांना ठाऊक कसं?), हशा तिसऱ्यावर, आणि वर नायिकेचं उत्तर, म्हणजे मागे वळून बघायला सवडच नाही. पंचवीस हजारांवर तिला हे वाक्य आठवतं तेव्हा वाचक पान उलटून खात्री करतो आणि स्वतःवरच चरफडतो. त्याच टिपेत तुम्ही धोकेही लिहिलेत. विनोद पडला तर खूण उघडी पडते, कारण न हसलेला वाचक फार बारकाईनं वाचतो. खूण यादीत शेवटी ठेवली तर ती ओरडून सांगितल्यासारखी होते. खूण आणि उलगडा यांत वीस हजारांच्या वर अंतर पडत असेल, तर मधे एकदा अर्ध्या वाक्यात ती जागती ठेवायची. किल्ली उलटी फिरल्यानं ती पुन्हा एकदा वैतागली, एवढं पुरतं. खलनायक सहा हजार शब्दांच्या आत पानावर येऊन काहीतरी साधंसुधं बोललेला असलाच पाहिजे. शेवटच्या दोन प्रकरणांत उगवलेला खलनायक म्हणजे वाचकाची फसवणूक.

हशाच्या जागेबद्दलची तुमची दुरुस्ती इतकी बारीक की चटकन दिसत नाही. मराठी वाक्याचा शेवट बहुधा 'आहे', 'होता', 'म्हणाली' यांवर होतो. विनोद आधीच फुटतो आणि क्रियापद फरपटत मागून येतं. 'उजवीकडे वळ म्हटलं की ती थेट माहेरीच जाते' असं लिहिलं तर 'जाते'नं वाफ गेली. क्रियापद गाळा, नाहीतर आधी घ्या. 'ती खो खो हसली', 'तो मिश्किलपणे म्हणाला' हे तर तुम्ही दिसेल तिथे छाटता. पात्रं हसू लागली की वाचकाचं हसू थांबतं.

ठसकेबाज नायिका म्हणजे काय, यावर बरीच वर्षं नुसता गोंधळ आहे. जीभ चुरूचुरू चालली की झाली तडफदार, असा समज. तुमची कसोटी सोपी: तिचा ठसका कुणावर चालतो ते बघा. पावती पाहून 'बाई माणूस, आणि रात्रीचे दुप्पट?' म्हणणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यावर चालला तर ठसका, चहा आणून देणाऱ्या पोऱ्यावर चालला तर उर्मटपणा. दुसरी कसोटी अशी की तिचे सगळे संवाद झाकून फक्त तिचे निर्णय वाचायचे. गोष्ट पुढे सरकते का? सरकत नसेल, तर ती नुसती बडबडी आहे आणि गोष्ट नायकच चालवतोय. तिचा एक निर्णय चुकलाही पाहिजे, आणि त्या चुकीची किंमत तिलाच मोजावी लागली पाहिजे. नाहीतर तिचं बरोबर असणंही फुकटचं वाटतं. आणि शेवटी तिला बाहेर काढणारं तिचं स्वतःचं काम हवं. कोंडलेल्या खोलीचं कुलूप तिनंच उघडायचं. नायक दार फोडून आत आला, तर तिला कुलूपवाली कशाला केली?

रात्री एकटीनं गोदामात जाण्याच्या प्रसंगावर तर तुम्ही अख्खं पान लिहिलंय. अशा प्रसंगात धाडसी नायिका क्षणात मूर्ख दिसू लागते. जाणं धोक्याचं, पण न जाणं त्याहून धोक्याचं, हे आधी उभं राहायला हवं: सकाळी सातला माल हलणार आहे, पोलीस तिलाच संशयित धरून बसलेत. आणि जाण्याआधी तिनं कुणाला तरी सांगायचंच. मोबाइलची बॅटरी संपणं आता कुणी खपवून घेत नाही. तुमचा उपाय जास्त चांगला. फोन चालू, निरोपही पोचला, पण त्याचा अर्थ भलताच लागला. 'मी गोदामावर आहे, येऊ नकोस' हा निरोप रागात पाठवलाय असं नायकाला वाटतं, कारण दुपारीच त्यांचं भांडण झालंय. इथे प्रेमकथेनं रहस्याला अडचण पुरवली, बाहेरून काही आणावं लागलं नाही.

आल्फ्रेड हिचकॉकनं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं: बॉम्ब एकदम फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का, प्रेक्षकाला आधी ठाऊक असेल तर पंधरा मिनिटांची उत्कंठा. आमच्या प्रकारात हे दुप्पट उपयोगी, कारण टेबलाशी दोघं लाडीक भांडत असतात आणि वाचकाला ठाऊक असतं की नायकाच्या खिशात तिच्याच दुकानाची हरवलेली किल्ली आहे. नायकाचं गुपित वाचकाला मध्यावर कळू द्या, नायिकेला नंतर, असं तुम्ही सांगता ते यासाठीच. मात्र ते गुपित दोन मिनिटं सरळ बोलून सुटणारं असेल, तर ताटातूट खोटी. त्यानं न बोलण्याला कारण हवं. इथे खरं बोललं तर त्याच्या म्हाताऱ्या आत्यावर आळ येतो. आणि भीतीच्या प्रसंगात विनोद कुणाचा? तो नायिकेचाच चालतो. खलनायक मात्र हास्यास्पद होता कामा नये. तो एकदा हसण्यावारी गेला की पुढचं कुठलंच संकट खरं वाटत नाही.

चढाओढीच्या संवादांबद्दल: सहा-आठ वाक्यांत काहीतरी बदललं पाहिजे, एखादी माहिती, एखादा पवित्रा, निदान बसायची जागा. नायकानंही अधूनमधून जिंकावं. दरवेळी तोच निरुत्तर होत असेल, तर तिला तो आवडतो कशाला? आणि तिचं 'नाही' हे त्यानं 'नाही'च समजायचं. मनगट धरून थांबवणाऱ्या नायकाला तुम्ही समासात थेट संशयितांच्या यादीत टाकता.

'तुम्ही'वरून 'तू'वर येणं ही तर या कथांतली मोठी घटना. ती एकदाच घडते आणि गुपचूप घडते. तुम्ही ती गोदामात घडवलीत: 'तू मागे हो,' ती ओरडते, आणि ते दोघांच्याही लक्षात येतं ते दुसऱ्या दिवशी. हे साधायचं तर त्याआधीच्या वीस-बावीस हजार शब्दांत एकही चुकार 'तू' राहता कामा नये. शोध घेऊन तपासा, असं तुम्ही लिहिता, आणि मनातल्या मनात तिनं त्याला म्हटलेला 'तू' वेगळा मोजा.

तारीख-वारांच्या तक्त्याचे आभारही राहायला नकोत. रकाने चारच: दिवस आणि वेळ, कोण कुठे, कुणाला काय माहीत, आणि किल्ली कुणाकडे. चौथा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. सातव्या प्रकरणात किल्ली तिच्या पर्समध्ये असते आणि नवव्यात त्याच्या खणात, मधे कुणीच ती हलवलेली नसते.

आता शेवटाचं. काका पकडले जाणं आणि प्रेमाची कबुली एकाच प्रकरणात नको, हे पटलं. धडधडत्या छातीनं दिलेल्या कबुलीवर वाचकाचा विश्वास बसत नाही. एक रात्र जाऊ द्या, दोघांना झोपू द्या, मग बोलू द्या. रहस्य आधी सुटावं, त्यानंतर प्रेमाला दीड-दोन हजार शब्द मोकळे मिळावेत. पण उपसंहार तुम्ही सरसकट कापता, तिथे आमचं तुमच्याशी पटत नाही, आणि आभारपत्रातच भांडतो याबद्दल राग नसावा. प्रेमकथेच्या वाचकाला शेवट गोड होणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं. तो गोडवा जरा चाखायला मिळावा म्हणूनच तो शेवटपर्यंत येतो. सहा महिन्यांनंतरचे सहाशे-सातशे शब्द, त्यात नवं संकट नाही, लग्नाचं वर्णन नाही, एखादा चुटपुटता विनोद आणि उरलेला एखादा लहान धागा (त्या रात्रीच्या दुप्पट पैशांचं काय झालं?), एवढं तरी ठेवू द्या. पुढच्या हस्तलिखितात आम्ही ते ठेवणार आहोत. तुम्ही कापाल. मग बोलू.

कळावे, लोभ असावा.

आपले,
लघुकादंबऱ्या लिहिणारे काही जण