माळ्यावरचा फिल्मचा डबा भंगारात देऊ नका

महोदय,

मे महिना आला की पहिला भारतीय चित्रपट 'श्री पुंडलिक' की 'राजा हरिश्चंद्र', हा वाद पुन्हा निघतो. निघो बापडा. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला आणि आज त्याची फूटभर फिल्मही उपलब्ध नाही, हे जास्त टोचायला हवे. पेठांतले वाडे पाडले जात असताना माळ्यावर जुन्या फिल्मचा डबा सापडला, तर पुणेकरांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

मूकपट साधारणपणे सेकंदाला १६ चित्रे या गतीने चालत. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६च चित्रे बसतात. म्हणजे हजार फुटांचा एकटा डबा १६-१७ मिनिटांचा, आणि सुरुवातीच्या काळात तेवढ्यात अख्खे नाट्य आटोपत असे. 'बाकीचे डबे नाहीत, हा ठेवून काय करायचे' हा हिशेब म्हणूनच चुकीचा.

१९५१ पर्यंतची ३५ मिमी फिल्म नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणारीच समजावी. फिल्मचा प्रकार सांगणारी कडेची ('सेफ्टी' वगैरे) अक्षरे मूळ प्रतीवरून नकलेत उतरतात, त्यांवर विसंबू नये. (१६ मिमी, किंवा मधोमध छिद्रे असलेली साडेनऊ मिमी असेल तर आगीची धास्ती नको.) तुकडा पेटवून पाहण्याचा उद्योग तर नकोच, नायट्रेट पाण्याखालीही जळत राहते आणि धूर विषारी असतो. कुजलेली फिल्म ४१ अंशांच्या आसपास बराच काळ राहिली तर आपोआप पेटू शकते, आणि पत्र्याखालचा माळा एप्रिलमध्ये सहज तेवढा तापतो. जानेवारी २००३ ची फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातली आग अनेकांना आठवत असेल.

फिल्म पिवळट किंवा चिकट झाली असली तरी नक्कल निघू शकते. फेस येऊन गठ्ठा झाला की आशा थोडी. तपकिरी भुकटी दिसली तर हात न लावता अग्निशमन दलाला बोलवावे. प्रोजेक्टरवर मात्र काहीच चढवू नये. जुनी फिल्म आक्रसते, एखाद्या टक्क्याने जरी आक्रसली तरी छिद्रे दात्यांवर बसत नाहीत आणि फाटत जातात.

गंजलेले झाकण ठोकून उघडू नका. डबा सावलीत, हवेशीर जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, कारण कोंडलेल्या आम्लाच्या वाफेने कुजणे वाढते. मोटारीच्या डिकीतही नको. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी कळवा, डब्याचे आणि त्यावरच्या चिठ्ठीचे छायाचित्र पाठवा, मगच हलवा. सोबत जुनी हस्तपत्रके किंवा कथासाराच्या पुस्तिका निघाल्या तर त्याही रद्दीत घालू नका. 'पुंडलिक'च्या प्रदर्शनाचा भक्कम पुरावा म्हणून आज वर्तमानपत्रातली जाहिरातच दाखवावी लागते.

— फिल्मजतनाचे काम करणारे काही वाचक, पुणे